दंड भरायला गेले आणि जहाज मागून आले

जपानमधल्या कागोशिमात हवामानाच्या बातम्यांत पावसाच्या जोडीला साकुराजिमा ज्वालामुखीवरचं वारं कुठे वाहणार हेही सांगतात. वारं शहराकडे असलं की धुणं घरात, खिडक्या बंद, आणि दुसऱ्या दिवशी दारातली राख झाडून नगरपालिकेच्या पिवळ्या पिशवीत. यावर मागे लिहून झालंय, तेव्हा ज्वालामुखीला आज सुट्टी. आज भांडण आहे. तेही एका गोड म्हाताऱ्या गाइड आजोबांशी, आणि सगळं माझ्या मनातल्या मनात झाल्यामुळे त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही.

शहराच्या उत्तरेला इसो नावाचा किनारा आहे. सात्सुमावर, म्हणजे इथल्या जुन्या संस्थानावर, राज्य करणाऱ्या शिमाझु घराण्याची बाग, सेंगान-एन, तिथेच. पर्यटक बागेत शिरतात, साकुराजिमाचा फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि परततात. मला स्वतःला बागेपेक्षा तिच्या अवतीभवतीचं जास्त आवडतं. तोफा ओतायच्या भट्टीचा दगडी पाया, १८६५ मधला दगडी यंत्रकारखाना (आता तिथे म्युझियम आहे), आणि थोडं पुढे गेलं की इजिनकान, म्हणजे सूतगिरणी उभारायला आलेल्या इंग्रजांना राहायला बांधलेलं लाकडी घर. बाहेरून पक्का साहेबी बंगला, व्हरांड्यासकट. पण सुतार इथलेच, त्यामुळे मापं सगळी जपानी.

तर इजिनकानमध्ये या आजोबांनी कुठून आलात विचारलं. मी मुंबई म्हटलं. ओसाकात असताना मुंबई म्हटलं की समोरचा हमखास 'करी' म्हणायचा. हे आजोबा म्हणाले, 'कापूस!' मी तिथेच खूश. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते, मोठा काका मागावर. कागोशिमात कुणीतरी मुंबईला कापसावरून ओळखतंय म्हटल्यावर घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आणि मग आजोबा अगदी हसतमुखाने म्हणाले, 'आमचं इंग्रजांशी युद्ध झालं ना, ते फार बरं झालं. त्यामुळे मैत्री झाली.'

तुमच्या आमच्या घरात इंग्रजांबद्दल असं वाक्य कुणी बोलून दाखवावं! मी 'हो का, हो का' करत मान हलवली आणि घरी येईपर्यंत धुमसत राहिले.

त्या युद्धाची गोष्ट अशी. सप्टेंबर १८६२ मध्ये योकोहामाजवळ नामामुगी गावात शिमाझु हिसामित्सुची मिरवणूक चालली होती. समोरून रिचर्डसन नावाचा इंग्रज व्यापारी सोबत्यांबरोबर घोड्यावरून आला. मिरवणुकीला वाट देऊन खाली उतरायचं, हा इथला शिरस्ता. तो उतरला नाही. सामुराईंनी त्याला कापला. इंग्रजांनी एदोच्या (आजच्या टोकियोच्या) शोगुन सरकारकडून, म्हणजे सगळ्या जपानवर हुकमत असलेल्या लष्करी सत्तेकडून, एक लाख पौंड मागितले आणि सात्सुमाकडून वेगळे २५,००० पौंड, शिवाय मारेकऱ्यांना शिक्षा. शोगुनने पैसे मोजले. सात्सुमा ऐकेना. म्हणून ऑगस्ट १८६३ मध्ये अॅडमिरल कूपर सात जहाजं घेऊन कागोशिमाच्या खाडीत आला.

सात्सुमाच्या लोकांनी आधी काय करावं? काही सामुराई कलिंगडवाले बनून होड्यांतून निघाले, की विकायच्या निमित्ताने जहाजांवर चढायचं आणि तलवारी काढायच्या. इंग्रजांनी फारसं कुणाला वर घेतलंच नाही, बेत फसला. मग वादळी पावसात तोफांची लढाई. कूपरचं मुख्य जहाज 'युरायलस' नेमकं सात्सुमाच्या तोफांच्या माऱ्यात उभं राहिलं होतं, आणि बोटीवरच्या दारूगोळ्याच्या कोठाराचं दार लवकर उघडेना, कारण शोगुनकडून वसूल केलेल्या दंडाच्या पेट्या त्या दारासमोर रचून ठेवलेल्या! हा प्रसंग वाचून मी मोठ्याने हसले होते. तेवढ्यात एका गोळ्याने जहाजाचा कप्तान आणि त्याचा दुय्यम अधिकारी, दोघेही जागच्या जागी गेले.

पण आर्मस्ट्राँग तोफांपुढे इथल्या तोफा फार वेळ टिकण्यातल्या नव्हत्या. सात्सुमाच्या तीन आगबोटी इंग्रजांनी आधी ताब्यात घेतल्या, मग जाळल्या. शहराचा जवळजवळ दहावा भाग जळाला. नारिआकिरा या आधीच्या दूरदृष्टीच्या राजाने १८५१ पासून उभारलेला कारखान्यांचा सगळा पसारा बेचिराख झाला. इंग्रजही मार खाऊन, बोटी दुरुस्त करत निघून गेले. दोन्ही बाजू आजही थोडं थोडं 'आम्हीच जिंकलो' म्हणतात.

यापुढचा भाग मला आवडतो, आणि तोच मला छळतो. त्याच वर्षी योकोहामात तहाची बोलणी झाली. सात्सुमाने २५,००० पौंड द्यायचं कबूल केलं, तेही शोगुनकडून कर्ज काढून, आणि ते कर्ज पुढे कधी फेडलंच नाही. आणि त्याच बैठकीत त्यांनी इंग्रजांना सांगितलं, आम्हाला एक युद्धनौका विकत घ्यायची आहे, तेवढी मिळवून द्या. ज्याने तीन महिन्यांपूर्वी घर पेटवलं, त्याच्यासमोर दंडाची रक्कम ठेवायची आणि त्याच दमात त्याच्याकडेच दुकानाचा पत्ता विचारायचा! काय म्हणावं याला? निर्लज्जपणा? व्यवहार? माझ्या काकाने ऐकलं असतं तर म्हणाला असता, 'बेरकी आहेत लेकाचे.' कौतुकानेच म्हणाला असता.

दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, सात्सुमाने १९ जण चोरून इंग्लंडला पाठवले. परदेशी जाणं म्हणजे तेव्हा देहदंडाचा गुन्हा. सगळ्यांना खोटी नावं दिली आणि बेटांच्या दौऱ्यावर जातोय असं दाखवून हाशिमा नावाच्या एका लहानशा बंदरातून बोटीवर चढवलं. बोटीची सोय ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याची. त्यांच्यातला सगळ्यात लहान मुलगा तेरा वर्षांचा होता. तो पुढे कॅलिफोर्नियात द्राक्षांचा आणि वाइनचा मोठा बागायतदार झाला. मोरी आरिनोरी जपानचा पहिला शिक्षणमंत्री झाला. गोदाई तोमोआत्सु आणि तेराशिमा मुनेनोरी हे दोघे तर युद्धात त्या जप्त बोटींवर इंग्रजांच्या हाती सापडलेले कैदी! गोदाईने पुढे ओसाकात व्यापाऱ्यांचं चेंबर उभं केलं, तेराशिमा परराष्ट्रमंत्री झाला. गोदाई आणि मंडळींनी ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून सूत कातायची यंत्रं विकत घेतली आणि १८६७ मध्ये इसोच्या किनाऱ्यावर जपानची पहिली पाश्चात्त्य पद्धतीची सूतगिरणी सुरू झाली. ३,६४८ चात्या, १०० माग.

इथे माझ्यातली लालबागची पोरगी जागी झाली. १८६७? आमच्याकडे कावसजी दावरांनी कंपनी काढली १८५४ ला, आणि ताडदेवची गिरणी दोन वर्षांत सुरूही झाली. म्हणजे कागोशिमाच्या आधी दशकभर! हे आजोबांना सांगायचं राहून गेलं याची चुटपुट मला अजून आहे. आणि युरोपी पद्धतीच्या तोफा-पलटणींचं म्हणाल, तर महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपी अधिकाऱ्याला नोकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफांची ओतशाळा चालवली, ती नारिआकिराच्या साठेक वर्षं आधी. १८०३ च्या असईच्या लढाईत आपल्या तोफखान्याने वेलस्लीची फौज कशी कापून काढली, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. मग आम्ही मागे का राहिलो म्हणून आम्हालाच कशाला विचारता? कूपर दोन दिवस तोफा डागून निघून गेला. आमच्याकडे आलेला एल्फिन्स्टन १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर जायला तयारच नव्हता. राज्य राखून मार खाणं आणि राज्य घालवून मार खाणं यात फरक असतो ना?

असं सगळं मी भांडी घासताना तयार केलं. आणि मग इजिनकानमधलीच एक गोष्ट आठवून गप्प बसले.

त्या घरात सात इंग्रज राहायचे. यंत्रं बसवणं, चालवणं आणि इथल्या लोकांना शिकवणं हे त्यांचं काम. करार काही वर्षांचा होता, पण १८६८ मध्ये शोगुनविरुद्ध यादवी पेटली आणि ते वर्षभरातच मायदेशी निघून गेले. गिरणी मात्र १८९७ पर्यंत चालली. पहिल्या वर्षात काय शिकले असतील, कसे शिकले असतील, दुभाष्यामार्फत, हातवारे करून? पण शिकले. आणि असईच्या वेळी? लढाई तोंडावर आली तेव्हा इंग्रजांनी फर्मान काढलं, शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अधिकारी परत येतील त्यांना पगार देऊ. बरेचसे गेले. आपले गोलंदाज तोफांना चिकटून मेले, पण पलटणी हलवायची कशी हे ज्यांना ठाऊक होतं ते मैदानात नव्हते. आपण माणसं भाड्याने घेतली. यांनीही घेतली, पण ती निघून गेल्यावर यांचं अडलं नाही. हे मला मान्य करायला आवडत नाही, तरी आहे तसं आहे.

भट्टीचा पाया मी त्यानंतर पुन्हा जाऊन पाहिला. चौकोनी खड्ड्यात घडीव दगडांची रांग, आणि तळाला दगडी पट्ट्यांची जाळी, खालून हवा खेळावी आणि ओल वर चढू नये म्हणून. ही दुसरी भट्टी. पहिली त्यांनी निव्वळ एका डच पुस्तकावरून बांधली होती, ती वजनाने कलली आणि विटा उष्णतेने फुटल्या. मग विटा कुणी भाजल्या? सात्सुमाच्या चिनी मातीच्या कुंभारांनी. पाया कुणी रचला? किल्ल्यांच्या भिंती बांधणाऱ्या गवंड्यांनी. नारिआकिराने कारागिरांना धीर दिला तो असा, की पाश्चात्त्यही माणसंच, सागाचे लोकही माणसंच आणि सात्सुमाचेही माणसंच. साग म्हणजे याच क्युशु बेटावरचं दुसरं संस्थान, त्यांना आधीच जमलं होतं. दुसरी भट्टी १८५७ ला उभी राहिली, पुढच्या वर्षी हा राजा वारला. त्या खड्ड्याच्या कडेला मी इतका वेळ रेंगाळले की मागून आलेला एक शाळेचा गट मला वळसा घालून पुढे गेला.

आता पुन्हा आपली बाजू. जपानचं सूत उद्योग म्हणून वर आलं ते कागोशिमात नव्हे, ओसाकात. शिबुसावा एइची या उद्योगपतीने १८८२ मध्ये ओसाका बोसेकी ही सूतगिरणी काढली, १०,५०० चात्यांची. त्याआधी जपानी सरकारने दोन-दोन हजार चात्यांच्या गिरण्या काढून हात पोळून घेतले होते. शिबुसावाने लंडनमध्ये शिकणाऱ्या यामानोबे नावाच्या मुलाला कळवलं, आता सूतकताई शीक, आणि तो लँकशायरच्या, म्हणजे इंग्लंडच्या गिरणगावातल्या, गिरणीत जाऊन शिकला. तेव्हा जपानात मुंबईचं सूत विकलं जायचं, बरं का. आमचं सूत! पण १८९० ला त्यांचं स्वतःचं उत्पादन आयातीच्या वर गेलं आणि १८९७ ला निर्यात आयातीच्या वर. पाठीशी सरकार होतं. १८९४ ला त्यांनी सुताच्या निर्यातीवरची जकात काढली, १८९६ ला कच्च्या कापसाच्या आयातीवरची. आणि त्याच १८९६ ला आपल्या मायबाप सरकारने काय केलं? लँकशायरला त्रास नको म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, आणि तो १९२५ पर्यंत ठेवला. त्यांचं सरकार त्यांचं होतं, आमचं सरकार मँचेस्टरचं होतं. हे वाक्य मी जपानी भाषेत पाठ करून ठेवलंय. प्रसंग यायचाय.

पण (हा 'पण' मला फार वेळा लिहावा लागतोय) सगळंच काही करावर ढकलता येत नाही. मुंबई ते कोबे कापूस वाहून नेण्याचं भाडं पी अँड ओ ही ब्रिटिश बोट कंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्यांच्या मुठीत होतं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानात येऊन शिबुसावाला भेटले, निप्पॉन युसेन या जपानी बोट कंपनीबरोबर जोडीने बोटी सुरू केल्या. पी अँड ओने भाडं पाडत पाडत जवळजवळ फुकटावर आणलं. टाटांची लाइन बुडाली. निप्पॉन युसेनची चालू राहिली. कारण जपानी गिरणीमालकांच्या संघाने लेखी बांधून घेतलं होतं की आमचा कापूस जाईल तो निप्पॉन युसेननेच, भाडं काही का असेना. दुसरीकडे स्वस्त मिळतंय म्हणून कुणी फुटलं नाही. या एका गोष्टीचं मला इतकं अप्रूप वाटतं की गेल्या आठवड्यात मी घरी तीनदा सांगून झाली, आणि नवऱ्याने मला चौथ्यांदा थांबवलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरचं कंत्राट एकाला द्यायचं ठरलं, तर महिन्याभरात निम्मे बिल्डिंगवाले दुसऱ्या टँकरवाल्याकडे.

आता म्हणाल, ही जपानच्या भजनी लागली. नाही. ओसाकाची सूतगिरणी नफ्यात आली ती रात्रपाळीवर. १८८६ पासून विजेचे दिवे लावून रात्रभर यंत्रं चालायची, आणि यंत्रांवर शेतकऱ्यांच्या लहान लहान मुली. बापाला उचल देऊन आणलेल्या, गिरणीच्याच वसतिगृहात राहणाऱ्या, बाहेर जायची बंदी. कामगार कायदा १९११ ला झाला, पण लागू व्हायला १९१६ उजाडलं, आणि बायकांची रात्रपाळी प्रत्यक्षात बंद झाली १९२९ ला. म्युझियममध्ये तोफा आहेत, राजाचं चित्र आहे, या मुलींबद्दल मात्र मला फारसं काही दिसलं नाही. गिरणगावात निदान खानावळवाल्या बायकांपासून बदली कामगारापर्यंत सगळ्यांवर लिहिणारे झाले. आणि कागोशिमाच्या लढाईत तोफेपाशी उभा असलेला टोगो हेइहाचिरो नावाचा पोरगा पुढे इंग्लंडला जाऊन आरमार शिकला, १९०५ मध्ये त्सुशिमाला रशियाचं आरमार त्याने बुडवलं ते इंग्लंडमध्ये बांधलेल्या 'मिकासा'वरून. आपल्याकडे तेव्हा आनंदाचं भरतं आलं होतं, आशियाने युरोपला हरवलं म्हणून. कोरियातल्या माणसाला विचारा तो आनंद. वाट तशीच पुढे गेली आणि १७ जून १९४५ च्या रात्री हेच कागोशिमा अमेरिकी विमानांनी पुन्हा जाळलं. या वेळी माणसं दोन हजारांवर गेली. त्या युद्धाबद्दल आजोबा 'बरं झालं' म्हणाले नाहीत. मीही काढलं नाही.

स्टेशनसमोरच्या पुतळ्याचं मात्र सांगायलाच हवं. कागोशिमा-चुओ स्टेशनातून बाहेर पडलं की त्या १८६५ च्या पोरांचा भलामोठा समूहपुतळा आहे. कुणी दूर बोट दाखवतोय, कुणी पुस्तक हातात घेतलंय. तो उभारला १९८२ मध्ये. आमच्या घरात १९८२ म्हणजे संप. १८ जानेवारीला सुरू झाला आणि काकाचा माग कायमचा थांबला. त्या वर्षाचं दुसरं काही असू शकतं हेच मला सुरुवातीला पटेना. तर गंमत अशी की गेलेले होते १९, पुतळ्यात उभे केले १७. उरलेले दोघे, नागासाकीचा दुभाष्या होरी आणि तोसाचा ताकामी, सात्सुमाचे नव्हते, म्हणून वगळले. एकाच बोटीतून गेले, पकडले गेले असते तर एकाच शिक्षेला पात्र झाले असते, पण परगावचे! २०२० मध्ये त्यांचे पुतळे तिथे बसवले. इथे कायम 'बाहेरची' म्हणून वावरणारी मी हे कळल्यावर स्टेशनवर गेले की त्या दोघांना आधी शोधते. (तेवढ्यासाठी आपल्याकडच्यांनी हसू नये. आपल्याकडे कोण कुठला हे विचारल्याशिवाय पुतळ्याची वर्गणीसुद्धा निघत नाही.)

आणि कापूस. आजोबांच्या त्या एका शब्दामागे काय होतं हे मी नंतर वाचत बसले. विसाव्या शतकात जपानी कंपन्यांचे खरेदीदार मुंबईच्या दलालांना बाजूला सारून थेट वऱ्हाडात पोचले होते. अमरावतीचा कापूस बाजारात 'ओमरा' नावाने ओळखला जायचा. आखूड धाग्याचा, लँकशायरला नको असलेला हा माल ओसाकावाले दुसऱ्या कापसात मिसळून वापरायचे आणि त्याचं कापड आपल्यालाच आणून विकायचे. १९३३ मध्ये दिल्लीने बिगर-ब्रिटिश कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तर म्हणून तोच गिरणीमालकांचा संघ पुन्हा एकजुटीने उभा राहिला आणि हिंदुस्थानचा कापूस घेणंच बंद केलं. सिमला-दिल्लीत महिनोन्‌महिने घासाघीस झाली. १९३४ च्या सुरुवातीला ठरलं, की जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस उचलला तर त्याला ४० कोटी वार कापड इथे विकता येईल. टेबलाच्या एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला जपानी, मध्ये मुंबईचे गिरणीमालक आणि कान लावून बसलेलं लँकशायर. यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्याचा कापूस त्या महिन्यांत कुणी काय भावाने घेतला, ते शोधायला सुरुवात केली आहे. सापडलं तर पुढच्या पोस्टमध्ये. कुणाच्या घरी वऱ्हाडातल्या जिनिंगच्या जुन्या वह्या असतील तर जरूर कळवा.